गणित सक्तीचं असावं का, तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलाय की आता एकदाच सगळं लिहून काढते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन. प्रश्न असतो तो असा: शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत वरचं गणित, म्हणजे कॅल्क्युलस (बदल मोजायचं गणित), लॉगॅरिदम, प्रोबॅबिलिटी (शक्यतेचं गणित), सगळ्या मुलांना सक्तीचं करावं का? मी हो म्हणते. की लगेच पुढचा प्रश्न येतो, आणि खरं तर तोच विचारायचा असतो: पण तुम्ही स्वतः तर गणित सोडलं होतंत ना, तुमचं काय अडलं?

अडलं. कितीतरी वर्षं अडलं. आज मी साथीच्या रोगांच्या आकडेवारीचं काम करते म्हणून तुम्हाला वाटतं की बघा, गणित न घेताही ही पोचलीच की. मधली वर्षं तुम्हाला दिसत नाहीत, आणि मीही ती सहसा सांगत नाही, तर आज सांगते.

मी पंधरा वर्षांची होते. पुढचे विषय निवडायचा फॉर्म होता आणि त्यासाठी आईला शाळेत बोलावलं होतं. गणिताच्या मॅडम चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट सांगितली की लोक लगेच कुणीतरी खडूस बाई डोळ्यासमोर आणतात. त्या कधी ओरडल्या नाहीत, कधी अपमान केला नाही. त्यांनी माझी वही उघडून आईसमोर ठेवली. शेवटची उत्तरं चुकलेली, पण वरच्या पायऱ्या बऱ्याचशा बरोबर, कुठेतरी चिन्ह बदलायचं राहिलेलं, कुठे कंसातलं एकच पद गुणलेलं आणि दुसरं तसंच सोडलेलं. लाल पेनाची फुली मात्र पानभर. मॅडम म्हणाल्या, "हिची भाषा फार छान आहे हो, निबंध काय सुंदर लिहिते. कशाला उगाच पोरीच्या डोक्याला ताप? गणित काही हिला झेपायचं नाही, आणि आता ते सक्तीचंही नाहीये." आई पटकन हो हो म्हणाली. तिला हायसं वाटलं असणार. मलाही वाटलं, अगदी सुटल्यासारखं वाटलं. फॉर्मवर गणिताच्या पुढचा चौकोन रिकामा राहिला आणि आम्ही उठलो.

बाहेर बाकावर माझ्याच वर्गातला एक मुलगा वडिलांबरोबर बसला होता. त्याचे मार्क माझ्याहून कमी असायचे, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं कारण पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचायची पद्धत होती. तो आत गेला. आई बाहेर चप्पल घालत कुणाशी तरी बोलत थांबली होती, दार उघडंच होतं, आणि मी त्याच मॅडमना त्याच आवाजात त्याच्या वडिलांना सांगताना ऐकलं, "डोकं आहे, पण मेहनत करत नाही. थोडं पाठीमागे लागा, होईल त्याचं." 

बस, एवढंच. ह्यात कुणी खलनायक नाही. त्या वेळी मला राग आला नाही, काही खुपलंसुद्धा नाही, उलट बाई माझ्याबद्दल किती चांगलं बोलल्या ह्या आनंदात मी घरी गेले. राग यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. मी एका ठिकाणी आरोग्याचे अहवाल भाषेच्या दृष्टीने तपासायचं काम करत होते, वाक्यं नीट करायची, तक्ते जागेवर बसवायचे. त्या तक्त्यांमध्ये काय आहे ते मला कळायचं नाही आणि कळून घ्यायची फार इच्छा व्हायची, की हा रोग इथे वाढला आणि तिथे का नाही वाढला, हे ही माणसं ह्या आकड्यांवरून कसं म्हणतात. म्हणून त्या विषयाच्या कोर्सची माहिती काढली. पात्रतेच्या पहिल्याच ओळीत गणित. मी फोन करून विचारलं, दुसऱ्या कशावर चालेल का, अनुभव आहे माझ्याकडे. नाही चालत. तो फोन ठेवल्यावर मला एकदम त्या उघड्या दाराशी ऐकलेलं वाक्य आठवलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

मग ऑफिसातल्याच एका सरांनी, ते रिटायरमेंटला आले होते आणि आयुष्यभर स्टॅटिस्टिक्स केलेलं, मला संध्याकाळी थांबून शिकवायला सुरुवात केली. रद्दी अहवालाच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी ३ लिहिला. ३ चा वर्ग ९. म्हणाले, आता ह्या ३ ला जरासं पुढे ढकलू, ३.१ करू, वर्ग किती? ९.६१. म्हणजे आपण ०.१ ढकललं आणि वर्ग ०.६१ ने वाढला, भागाकार कर. ६.१. आता आणखी कमी ढकलू, ३.०१. वर्ग ९.०६०१, वाढ ०.०६०१, भागिले ०.०१, आले ६.०१. पुढचं ३.००१ चं मी स्वतः केलं. ६.००१. सर काही बोलले नाहीत. मी म्हटलं, हे ६ कडे चाललंय. ते म्हणाले, झालं, हेच डेरिव्हेटिव्ह, ३ पाशी वर्ग किती वेगाने वाढतोय ते.

मी विचारलं, मग सरळ शून्यच ढकलू ना, कटकटच नको. ते म्हणाले, मग भागणार कशाने? आणि मी तिथे अडले ते अडलेच. घरी जाऊनही तेच, ढकलायचं पण नाही, आणि नाही ढकललं तर भागता येत नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं की १७३४ साली बर्कली नावाच्या एका पाद्र्याने न्यूटनच्या गणितावर नेमका हाच आक्षेप घेतला होता, की तुमची ही छोटी संख्या शून्य आहे की नाही ते आधी एकदा ठरवा. आणि त्याला नीट खणखणीत उत्तर मिळालं ते थेट १९ व्या शतकात, कोशी आणि वायरश्ट्रास ह्या गणितज्ञांच्या हातून. म्हणजे मी जिथे अडले होते तिथे युरोपातले भले भले शंभर वर्षं अडून होते. वर्गात अशीच कुठे अडले की मी ढ आहे असं धरून गप्प बसायचे, कारण इथे अडणं साहजिक आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तुमचे आक्षेप घेते, कारण ते मला पाठ आहेत.

रोजच्या आयुष्यात ह्याचा उपयोग काय, हा पहिला. खरं सांगू, ह्यावर लोक जे उत्तर देतात, की कर्जाचे हप्ते काढता येतात वगैरे, ते मला पटत नाही, हप्ते फोनसुद्धा काढून देतो. मला कोरोनाचं २०२० साल आठवतं. १०० रुग्ण, दर तीन दिवसांनी दुप्पट, तर महिन्याभरात दहा वेळा दुप्पट म्हणजे १,०२,४००. चांगली शिकलेली माणसं मला म्हणत होती, अहो शंभरच तर आहेत. आणि ज्या बातम्यांमध्ये लॉग स्केलचा आलेख द्यायचे, म्हणजे ज्यात दर पायरीला आकडा दहापट होतो आणि दुपटीची वाढही सरळ दिसते, त्यातली सरळ रेघ बघून तीच माणसं म्हणायची, बघा, सरळच चाललंय, कुठे भडकलंय. तो आलेख कुणी फसवायला काढला नव्हता, फक्त तो वाचायला ज्याने लॉग शिकलंय असा वाचक लागतो. आणि तो चुकीचा वाचणाऱ्यांच्याही मतावर सरकारं चालतात.

दुसरं उदाहरण, इंग्लंडमधली सॅली क्लार्कची केस. तिची दोन तान्ही बाळं साधारण वर्षभराच्या अंतराने अचानक गेली, आणि १९९९ मध्ये तिला दोघांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. कोर्टात एका नावाजलेल्या बालरोगतज्ज्ञाने सांगितलं होतं की तिच्यासारख्या सुखवस्तू घरात एक बाळ असं अचानक जायची शक्यता ८,५४३ त एक, म्हणून दोन जायची शक्यता त्याचा वर्ग, साधारण ७ कोटी ३० लाखांत एक. पण असा गुणाकार करायला दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसावा लागतो. सख्खी भावंडं, तेच घर, तेच जीन्स, संबंध नाही कसा? २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून सांगितलं की हा आकडा चुकीचा आहे. उघड न केलेला वैद्यकीय पुरावा बाहेर आल्यावर २००३ च्या अपिलात ती सुटली आणि २००७ मध्ये वारली. हे वाचलं की मला त्या ज्यूरीतली माणसं दिसतात, साधी, आपल्यासारखी. तो गुणाकार ऐकून त्यांतल्या एकाने तरी थांबा म्हणायला हवं होतं.

आता इथे मला कोंडीत पकडणारे भेटतात, आणि त्यांचं चुकत नाही. ते म्हणतात, तो डॉक्टर काय गणित न शिकलेला होता? बरोबर आहे. १९७८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला होता: हजारात एकाला असणारा रोग, टेस्ट निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तर पॉझिटिव्ह आलेल्याला तो रोग खरंच असण्याची शक्यता किती? हजारात खरा एक आणि चुकून पॉझिटिव्ह पन्नासेक, म्हणजे उत्तर जेमतेम २ टक्के. बऱ्याच जणांनी ९५ सांगितलं, बरोबर उत्तर देणारे ११. इतकं शिकलेली ही माणसं. तेव्हा नुसतं "वरचं गणित सक्तीचं" म्हणून भागत नाही हे मला मान्यच आहे. सूत्रं पाठ करून इंटिग्रेशनची पन्नास गणितं सोडवणं मी कुणावर लादणार नाही. बदल कसा मोजायचा, दुपटीने वाढणं म्हणजे काय, आणि शक्यता कधी गुणायच्या आणि कधी नाही, एवढं मात्र सुटता कामा नये, आणि ते सावकाश, आकडे हातात घेऊन.

कॉलेजात असताना मीच तावातावाने वाद घालायचे की ज्याला नको त्याला सोडा, सक्तीने कुणाचं भलं झालंय. त्या मुलीला मी आजही पूर्ण गप्प करू शकत नाही. ती म्हणते, सक्ती असती तर तू नापास झाली असतीस आणि निबंधाचंही कौतुक संपलं असतं. तिला मी फ्रान्सचं सांगते. तिथे २०१९ पासून शेवटून दुसऱ्या वर्षाला गणित सक्तीच्या विषयांतून काढलं, ज्याला हवं त्याने निवडावं. गणित घेणाऱ्यांची संख्या घटली, आणि मुलींची जास्त घटली, एवढी ओरड झाली की २०२३ पासून ज्यांनी गणित निवडलेलं नाही त्यांनाही आठवड्याला दीड तास पुन्हा सक्तीचा करावा लागला. निवड मोकळी ठेवली की कोण निघून जातं? ज्यांना आधीच कुणीतरी प्रेमाने सांगितलेलं असतं की तुला नाही झेपणार, ते. पंधराव्या वर्षी मी काय निवडलं, मी तर मान डोलावली.

पण ती मुलगी रामानुजनचं नाव काढते आणि मी अडखळते. त्यांची कॉलेजची स्कॉलरशिप गेली ती गणित सोडून बाकीच्या सक्तीच्या विषयांत नापास झाल्यामुळे. इतक्या मोठ्या माणसाची वाट सक्तीच्या विषयांनी अडवली, तर एखाद्या चित्रकाराची, नर्सची, सुताराची वाट गणिताने का अडवायची? माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा गणिताच्या परीक्षेच्या आदल्या रात्री उलट्या करतो. तिने मला सरळ विचारलं, माझ्या पोराला आणखी दोन वर्षं ह्यातून काढायला तू सांगतेस? मी तिला काही बोलू शकले नाही.

म्हणून हल्ली मी म्हणते, तास सक्तीचा करा, पण त्यात नापास झालं म्हणून पुढचा कुठलाही दरवाजा बंद करू नका, मार्कशीटवर फक्त "शिकला" एवढं लिहा. ह्यावर शाळेत शिकवणारी माझी एक मावसबहीण माझ्यावर चिडते. म्हणते, मार्क काढून घेतलेस की त्या तासाला कुणी पुस्तकसुद्धा उघडणार नाही, आणि तुझ्यासारख्या मुली मागच्या बाकावर बसून निबंध लिहितील. तिचं बरोबर असू शकतं. आमचं हे भांडण दर भेटीत होतं आणि मिटत नाही. तुमच्यापैकी कुणी वर्गात शिकवत असाल तर मलाच तुम्हाला विचारायचंय: मार्कांचा धाक नसताना गणिताच्या तासाला मुलं खरंच लक्ष देऊन बसतात का, आणि बसत असतील तर तुम्ही काय करता?