कलमेखालची फूट

रविवार, २३ नोव्हेंबर. रात्रीचे साडेनऊ.

उपासनेहून परतताना धाकट्याने आज पुन्हा तोच विषय काढला. परतवाड्याच्या ज्या प्रार्थना-सहभागितेत तो वर्षभरापासून जातो, तेथे तान्हेपणी पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाहीत. म्हणून वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी पाण्यात पूर्ण बुडवून दिला जाणारा बाप्तिस्मा नव्याने घ्यावा, असा त्याचा आग्रह आहे. "बाबा, अरुंद दरवाजा फार थोड्यांना सापडतो. आजच ठरवा, उद्याचा काय भरवसा?" असे तो म्हणाला, तेव्हा मला राग आला, परंतु पांदण संपेपर्यंत मी गप्प राहिलो.

गप्प राहण्याला कारण होते. ज्या मुलाचा खर्रा (तंबाखू-सुपारीचे व्यसन) सुटावा म्हणून त्याच्या आईने आणि मी दहा वर्षे विनवण्या केल्या, त्याचा खर्रा त्या सहभागितेत गेल्यापासून सुटला आहे. तो पहाटे उठून प्रार्थना करतो आणि कोणाचे उसने घेतलेले पैसे आता बुडवत नाही. उलट मी, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती, प्रभुभोजनाच्या रांगेत उभा असतानाही मनात मंडळीच्या कमिटीची निवडणूक किंवा संत्र्याचा भाव घोळवत असतो. जुन्या मंडळीत माझे सगळे ठीक चालले आहे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे?

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. त्याच सहभागितेत शेजारच्या मावशींना मधुमेहाच्या गोळ्या सोडून केवळ विश्वास ठेवण्यास सांगण्यात आले. त्यांच्या पायाची जखम चिघळली आणि शेवटी दवाखान्यात भरती करावे लागले. त्यानंतर जे घडले ते मला अधिक बोचले, कारण दोष त्यांच्या अपुऱ्या विश्वासाला दिला गेला.

'आजच ठरवा' या शब्दांवरून मला ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. बाप्तिस्मा मात्र त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी घेतला. मधला काळ त्यांनी वाचण्यात, प्रश्न विचारण्यात आणि स्वतःशी झगडण्यात घालवला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर आणखी पाच वर्षे लागली, आणि बाप्तिस्म्याच्या आधी त्यांच्या मनातून जातीची शिवाशिव गेली होती. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांचे मार्ग शोधणे काही संपले नव्हते.

दुपारी बागेत गेलो. आमची संत्र्याची झाडे जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर डोळा बांधून तयार केलेली आहेत. कलमेच्या सांध्याखालून खुंटाला फूट येते, ती वरच्या फांद्यांपेक्षा जोमदार आणि हिरवीगार दिसते, आणि नवखा माणूस तिलाच जपतो. ती वेळीच काढली नाही, तर वरचे संत्र्याचे झाड मागे पडते आणि हाती जंबेरीचे आंबट फळ येते. अर्थात, जुने झाड आहे म्हणून ते फळ देईलच असेही नाही. वाळलेल्या फांद्या आमच्याही बागेत पुष्कळ आहेत.

संध्याकाळी मी धाकट्याला मत्तयाचा सातवा अध्याय घेऊन बसवले. अरुंद दरवाजाचे वचन तेराव्या-चौदाव्या ओवीत आहे. आपण तेथे थांबतो, पण प्रभू तेथे थांबत नाही. लगेच पंधराव्या ओवीत तो खोट्या संदेष्ट्यांविषयी सावध करतो आणि सोळाव्या ओवीत त्यांना फळांवरून ओळखण्यास सांगतो. केवळ 'प्रभू, प्रभू' म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही, ही एकविसावी ओवी मी मोठ्याने वाचली आणि माझाच आवाज खाली आला. बाविसावी त्याने वाचली. तुझ्या नावाने आम्ही भुते काढली, अद्भुत कृत्ये केली, असे सांगणारे लोक तिच्यात आहेत आणि पुढच्याच ओवीत प्रभू त्यांना ओळखत नाही. तो बराच वेळ पानाकडे पाहत राहिला.

पुन्हा बाप्तिस्मा घेण्यास मी नकार दिला आहे, कारण माझ्या आईवडिलांनी मला देवाच्या हाती सोपवले ते खोटे होते, असे मला म्हणवत नाही. मात्र येत्या शुक्रवारी त्याच्या सहभागितेत मी बसणार आहे. मावशींच्या गोळ्यांविषयी तेथील पुढाऱ्यांना विचारण्याचे काम धाकट्याने आपणहून स्वतःकडे घेतले आहे.