‘एसआरसी डॉट कॉन्फ’मधल्या सतरा ओळी

माझ्याकडे दहा वर्षांहून जुना एक लॅपटॉप आहे. त्यात दोन कोरचा प्रोसेसर आणि आठ जीबी मेमरी असून त्यावर फ्रीबीएसडी १४ ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. घरातील फोटो आणि कागदपत्रे साठवणे एवढेच त्याचे काम. त्याच्या वायरलेस ड्रायव्हरमधील एक दुरुस्ती मला हवी होती. पुढच्या आवृत्तीची तयारी जिथे चालते त्या ‘स्टेबल’ शाखेत ती आली होती, परंतु पुढची आवृत्ती प्रसिद्ध होण्यास अवकाश होता. ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ ही आज्ञा केवळ प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांच्या तयार फायली आणते, स्टेबल शाखेच्या आणत नाही. त्यामुळे संपूर्ण सिस्टिम सोर्स कोडपासून कंपाइल करण्याचे, म्हणजे त्या कोडपासून चालणारे प्रोग्राम स्वतः बांधण्याचे, मी ठरवले, आणि एवढे करतोच आहोत तर नको असलेले सारे गाळून ती हलकी करावी, हा मोह त्याच वेळी मनात शिरला.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांमध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका प्रकल्पाचा, शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम) दुसऱ्याचा, कंपायलर तिसऱ्याचा असतो आणि वितरण करणारे त्यांची मोट बांधतात. फ्रीबीएसडीत कर्नल, सी लायब्ररी, रोजच्या आज्ञा आणि क्लँग कंपायलरसुद्धा एकाच सोर्स ट्रीमध्ये असतात. कर्नल वगळून उरलेल्या साऱ्याला तिथे ‘वर्ल्ड’ म्हणतात, म्हणून आज्ञेचे नावही ‘मेक बिल्डवर्ल्ड’. त्यातले काय बांधायचे आणि काय नाही, हे ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘एसआरसी डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये लिहायचे असते. शेजारचीच ‘मेक डॉट कॉन्फ’ मात्र पोर्ट्ससह, म्हणजे बाहेरचे प्रोग्राम बांधण्याच्या संग्रहासह, प्रत्येक ‘मेक’ला लागू होते. हा फरक मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलेला आहे आणि तो मी वाचलाही होता. न वाचल्यामुळे झालेल्या चुका पुढे आहेत.

पहिल्यांदा मी काहीही न बदलता बिल्डवर्ल्ड चालवले. चार जॉब समांतर लावूनही त्याला साडेपाच तास लागले. दुपारी तासभर वीज गेली, पण लॅपटॉपची बॅटरी तेवढा वेळ तग धरून राहिली. पडद्यावर सरकणाऱ्या ओळी पाहता यातील बहुतांश वेळ एलएलव्हीएम (क्लँग ज्यावर उभा आहे तो पाया) आणि क्लँग यांच्यावर जात होता. म्हणजे माझा कंपायलर स्वतःच्याच पुढच्या प्रतीला जन्म देण्यात दिवस घालवत होता. ते बांधकाम मी इन्स्टॉल केले नाही आणि ‘एसआरसी डॉट कॉन्फ’ उघडली.

संध्याकाळपर्यंत त्या फाइलमध्ये सतरा ओळी झाल्या. विदाउट ब्लूटूथ, विदाउट सेंडमेल, विदाउट एलपीआर, विदाउट टेस्ट्स, विदाउट डीबग फाइल्स अशी ती यादी होती आणि तिच्या अग्रभागी विदाउट क्लँग. कंपायलर आधीच इन्स्टॉल केलेला आहे, तो पुन्हा कशाला बांधायचा, असा माझा साधा हिशेब होता. एक जुना ३२-बिट प्रोग्राम मी अजून वापरतो, त्यामुळे ३२-बिट लायब्ररी मात्र राहायला हव्या होत्या. विसर पडू नये म्हणून मी मुद्दाम ‘विदाउट लिब३२’ असे लिहून त्यापुढे बरोबरचे चिन्ह आणि ‘नो’ लिहिले.

कर्नलच्या बाबतीत मी याहून अधिक उत्साह दाखवला. ‘जेनेरिक’ ही मूळ कॉन्फिग फाइल आहे तशी कॉपी केली आणि लॅपटॉपवर नसलेल्या उपकरणांच्या ओळी खोडत गेलो. घरात स्कझी प्रकारच्या जोडणीची डिस्क नाही म्हणून ‘एससीबस’ ही ओळही खोडली. बिल्डकर्नल अर्धा तास नीट चालले आणि अगदी शेवटी लिंकिंगच्या, म्हणजे बांधलेले तुकडे जोडण्याच्या, टप्प्यावर, न सापडलेल्या फंक्शनांची भली मोठी यादी देऊन थांबले. फ्रीबीएसडीत साटा डिस्क आणि यूएसबी पेन ड्राइव्ह यांचा कारभारही ‘कॅम’ या एकाच थरातून चालतो, आणि तो थर ‘एससीबस’च्याच नावाखाली येतो. जेनेरिकमध्ये यूएसबी स्टोरेजच्या ओळीपुढे तशी टीपही आहे. ती टीप माझ्या कॉपीतही होती. मी ओळींची नावे वाचत होतो, टीपा नाही.

मग मी ती फाइल टाकून दिली आणि हँडबुकात सुचवलेल्या पद्धतीने पाच ओळींची नवी फाइल लिहिली. पहिल्या ओळीत ‘इन्क्लूड जेनेरिक’, दुसरीत ‘आयडेंट’ लिहून कर्नलचे नाव, आणि पुढे ‘नोडिव्हाइस’ने वगळलेली तीन रेड कार्डे (अनेक डिस्क एकत्र चालवणारी). या पद्धतीचा खरा लाभ नंतर कळतो. मूळ जेनेरिकमध्ये पुढे एखादी नवी ओळ आली तर ती आपोआप आपल्याकडे येते, खोडलेली कॉपी मात्र शिळी होत जाते.

एवढे शहाणपण आल्यावरही मी ‘मॉड्यूल्स ओव्हरराइड’ला हात लावला. कर्नलसोबत शेकडो मॉड्यूल (कर्नलला लागेल तेव्हा जोडायचे भाग) बांधली जातात, आणि या व्हेरिएबलमध्ये नावे दिली तर फक्त तेवढीच बांधली जातात. लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी ‘केएलडीस्टॅट’ देते. तिच्यावरून मी आवाज, वायरलेस, फायरवॉल अशी नावे उतरवली. माझ्या डिस्कवरच्या फायली जिच्यात आहेत ती झेडएफएस मला फाइल सिस्टिम वाटत होती, मॉड्यूल नव्हे. यादीत तिचे नाव डोळ्यांसमोर असूनही मी ते ओलांडून गेलो. कर्नल इन्स्टॉल करून रीबूट केले, तर रूट फाइल सिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या फायलींचे मूळ, माउंट करता (वापरासाठी जोडता) येत नाही असे सांगून यंत्र ‘माउंटरूट’ या प्रॉम्प्टवर उभे राहिले. जेनेरिक कर्नलमध्ये झेडएफएस आत मिसळलेली नसते, ती वेगळ्या मॉड्यूलमधून लोड होते, आणि ते मॉड्यूल मी बांधलेच नव्हते.

हा प्रसंग मात्र पाच मिनिटांत निभावला. ‘इन्स्टॉलकर्नल’ आधीचा कर्नल पुसत नाही, तो मॉड्यूलांसह ‘कर्नल डॉट ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवतो, आणि बूट लोडरच्या मेनूतून तो निवडता येतो. मी तो निवडला, ओव्हरराइडची ओळ पूर्ण काढून टाकली आणि कर्नल पुन्हा बांधला. सगळी मॉड्यूल बांधायला माझ्या यंत्रावर वीस मिनिटे अधिक लागतात. तेवढ्यासाठी मी रूट फाइल सिस्टिम पणाला लावली होती.

त्यानंतर वर्ल्डचे काम सुरळीत झाले. क्लँग वगळल्याने ते दीड तासात आटोपले, याचा मला आनंदच झाला. ‘बीईसीटीएल’ वापरून चालू सिस्टिमचे एक बूट एन्व्हायर्नमेंट (जिच्यातून पुन्हा बूट करता येते अशी प्रत) बनवून ठेवले, देखभालीच्या सिंगल यूजर मोडमध्ये गेलो, ‘ईटीसी’तल्या फायली जुळवणाऱ्या ‘ईटीसीअपडेट’ची तयारी, मग इन्स्टॉलवर्ल्ड, मग पुन्हा ईटीसीअपडेट. शेवटी ‘मेक डिलीट-ओल्ड’. ही आज्ञा नव्या सिस्टिममध्ये स्थान नसलेल्या जुन्या फायली काढते आणि प्रत्येक फाइलसाठी ‘होय की नाही’ विचारते. तीसेक वेळा ‘वाय’ दाबल्यावर कंटाळून मी ती थांबवली आणि काहीही न विचारता सर्व काढण्याचा पर्याय देऊन पुन्हा चालवली. पडद्यावर नावे भराभर सरकत गेली.

पंधरा दिवसांनी तो ३२-बिट प्रोग्राम चालेना. ‘लिब३२’ डिरेक्टरीतल्या बऱ्याच फायली गेल्या होत्या. मॅन्युअल पुन्हा उघडले. तिथे म्हटले आहे की या पर्यायांपुढे लिहिलेली किंमत पाहिलीच जात नाही, ‘नो’ किंवा ‘फॉल्स’ लिहिले तरी ओळ असणे एवढेच पुरेसे असते. ‘विदाउट’पुढे ‘नो’ लिहून मी व्याकरणातील दोन नकारांचा होकार करू पाहत होतो, आणि मेकने पहिला नकार ऐकून दुसरा सोडून दिला होता. सोर्स ट्रीमध्ये ‘मेक शोकॉन्फिग’ चालवले तर प्रत्येक पर्यायाचे अंतिम उत्तर ‘येस’ किंवा ‘नो’ असे समोर येते. ही आज्ञा मला त्या दिवशी सापडली आणि ती मी केवळ लिब३२च्या ओळीपुरती पाहिली. तिच्या थोडे वर क्लँगपुढे ‘नो’ होते, ते मला अपेक्षितच होते.

पाच महिन्यांनी सुरक्षा दुरुस्त्या घेण्यासाठी सोर्स अद्ययावत केला आणि बिल्डवर्ल्ड सुरू केले. काही सेकंदांतच ते थांबले, कारण कंपायलर चालवणारी ‘सीसी’ ही आज्ञाच यंत्रावर नव्हती. ‘विदाउट क्लँग’ या ओळीचा मी लावलेला अर्थ ‘या वेळी बांधू नको’ असा होता. बिल्डपुरता तो खराच होता. परंतु डिलीट-ओल्डच्या दृष्टीने त्याच ओळीचा अर्थ ‘या सिस्टिममध्ये क्लँगला स्थान नाही’ असा होतो, आणि त्याने कंपायलर त्याच्या हेडर फायलींसह काढून टाकला होता. प्रत्येक फाइलसाठी विचारणारा तो कंटाळवाणा प्रश्न मी बंद केला नसता तर ‘यूएसआर-बिन-सीसी’ हे नाव कदाचित नजरेस पडले असते.

पॅकेजमधून वेगळा एलएलव्हीएम आणून काम भागले असते. पण ते जुने बूट एन्व्हायर्नमेंट अजून होते. त्यात परत जावे असे प्रथम वाटले, परंतु पॅकेजेस जिथे बसतात ती ‘यूएसआर-लोकल’ डिरेक्टरी त्या एन्व्हायर्नमेंटचाच भाग असल्याने मधल्या पाच महिन्यांतील सारी पॅकेजेस मागे राहिली असती. म्हणून मी ते केवळ माउंट केले, त्यातून कंपायलरचे प्रोग्राम आणि ‘यूएसआर-लिब’मधील क्लँगची डिरेक्टरी चालू सिस्टिममध्ये कॉपी केली, आणि एक पाच ओळींचा सी प्रोग्राम कंपाइल करून पाहिला. तो चालला. ‘विदाउट क्लँग’ची ओळ काढून त्या उसन्या कंपायलरने नवे वर्ल्ड बांधले आणि त्यात क्लँग परत आला.

बांधकामाचा वेळ वाचवण्याचा सरळ मार्ग त्याच मॅन्युअलमध्ये, विदाउट क्लँगपासून थोड्या अंतरावर होता. ‘विदाउट एलएलव्हीएम टार्गेट ऑल’ ही ओळ दिली की कंपायलर इतर प्रोसेसरांसाठी कोड बनवण्याची क्षमता सोडतो, पण स्वतः शाबूत राहतो. सोबत ‘एसआरसी-एन्व्ह डॉट कॉन्फ’मध्ये मेटा मोड सुरू केला आणि ‘फाइलमॉन’ मॉड्यूल लोड केले, की पुढच्या खेपेला जे बदलले तेवढेच पुन्हा बांधले जाते. माझ्याकडे पहिली खेप साडेतीन तासांची झाली, तिच्यानंतरची चाळीस मिनिटांची.

आता ‘एसआरसी डॉट कॉन्फ’मध्ये चार ओळी उरल्या आहेत: टार्गेट ऑल, टेस्ट्स, डीबग फाइल्स आणि सेंडमेल. प्रत्येकीवर तारीख आणि कारण लिहिलेली एक टीप आहे. ती तीन रेड कार्डे वगळून कर्नल किती लहान झाला हे एकदा मोजून पाहिले, आणि पाच ओळींची ती कॉन्फिग फाइलही काढून टाकली. सिस्टिमची माहिती देणाऱ्या ‘युनेम’ला विचारले तर कर्नलच्या नावाच्या जागी पुन्हा ‘जेनेरिक’ दिसते. ज्या वायरलेस दुरुस्तीसाठी हा खटाटोप मांडला होता, ती पहिल्या दिवशी बांधून इन्स्टॉल न केलेल्या वर्ल्डच्या सोर्समध्येही होतीच.