मागच्या रांगेतून ओळखू येणारे चेहरे

देवगड तालुक्यातील आमच्या वाडीच्या मंडळाचा मेळावा दर मे महिन्यात देवळासमोरच्या पटांगणात भरतो. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, सत्कार सारे रीतीप्रमाणे होते. माझा जीव मात्र अंधार पडल्यावर पडद्यावर लागणाऱ्या जुन्या फोटोंत गुंतलेला असतो. फोटो लागला की वाडीतले एखादे वयस्क माणूस माईक हाती घेऊन त्यातल्या माणसांची नावे, नाती आणि घरे सांगते, आणि त्या दोन-चार वाक्यांनी दरवर्षी माझा कंठ दाटून येतो.

सुरुवातीला आम्ही शाळेतला ३,००० ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाशाचे माप) प्रोजेक्टर मागून आणत असू. वर्गातल्या ८ फुटी चित्राला तो पुरे. पटांगणात १६ फुटी पडदा बांधला की तेवढाच प्रकाश चौपट जागेवर पसरे आणि फिकट फोटोंतले चेहरे काळे डाग होऊन जात. एका वर्षी एक काकी पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, तरी त्यांना लग्नाच्या घोळक्यात स्वतःची आई, आमच्या मालवणीत ‘आवस’, सापडेना. त्या हात पुसत परत फिरल्या, ते मला फार लागले.

पुढच्या वर्षी ६,००० अन्सी ल्युमेनचाच प्रोजेक्टर आणायचा, असा आग्रह मी धरला. अन्सी म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला प्रकाश. खोक्यावरच्या नुसत्या मोठ्या आकड्यावर जाऊ नये. खाऱ्या, दमट हवेत यंत्र वर्षभर कपाटात ठेवण्यापेक्षा भाड्याने आणणे आम्हाला शहाणपणाचे वाटले. त्याच्या लेन्सला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट, म्हणजे २४ फूट अंतर लागत होते, म्हणून ते प्रेक्षकांच्या मधोमध उंच माचीवर सरळ ठेवले. खर्चावरून सर्वांत जास्त बोलणारे मुंबईकर सभासद आदल्या रात्रीच्या चाचणीला फिरकले नाहीत, याची खंत आजही आहे.

चाचणीला होते ते माची बांधणारे सुतारकाका, घरचा स्टॅबिलायझर देणारे वायरमन, वारा भरून पडदा शिडासारखा फुगू नये म्हणून खालची कड दोरीने ताणून बांधणारे दोन खलाशी, समोरचे हॅलोजन विझवणारे पुजारी, फोटो स्कॅन करणाऱ्या शाळेच्या बाई आणि मध्यरात्री सर्वांना चहा देणाऱ्या वहिनी. जनरेटरपाशी रात्रभर बसलेला मुलगाही त्यांच्यातलाच. त्याचे नाव आभारात राहून गेले होते.

मेळाव्यात तोच लग्नाचा फोटो लागला. माईक पुढे पोहोचण्याआधीच शेवटच्या रांगेतून काकींचा आवाज आला, “ती डावीकडची, माजी आवस!”