करकच्या तटावरून दिसलेलं क्रुसेड

जॉर्डनमध्ये अम्मानहून पेट्राला जाणारे बहुतेक जण डेझर्ट हायवेने सुसाट निघून जातात, आम्ही मात्र मुद्दाम जुना किंग्ज हायवे धरला कारण मला करकचा किल्ला बघायचाच होता. डोंगराच्या सोंडेवर लांबलचक पसरलाय, हवा स्वच्छ असली की तटावरून पार मृत समुद्रापर्यंत नजर जाते. गड-किल्ले हिंडलेला माणूस इथे आला की आधी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे कैरो ते दमास्कस, व्यापाऱ्यांचे तांडे आणि हजचे यात्रेकरू! ११४२ च्या सुमारास फ्रंजांनी (अरब क्रुसेडवाल्यांना हेच म्हणायचे) किल्ला बांधला तो ह्या वाटेच्या मानगुटीवर बसायला.

आपल्या डोक्यात क्रुसेड म्हणजे ख्रिश्चन विरुद्ध मुसलमान, संपलं. पण इब्न अल-अथीरसारखा अरब इतिहासकार स्पष्ट लिहितो की आपले सुलतान आपसात भांडत राहिले म्हणून फ्रंजांचं फावलं. आणि ११८४ मध्ये ह्या मुलखात आलेला अरब प्रवासी इब्न जुबैर, तो तर चक्रावूनच गेलाय, इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन करकला वेढा घालून बसलाय आणि तरी इजिप्तचे तांडे फ्रंजांच्या मुलखातून बिनधास्त दमास्कसला जातायत, कुणी अडवत नाही. लढणारे लढायचे, व्यापार चालू.

म्हणूनच इथला सरदार रेनाल्ड, अरबांचा अर्नात, त्यांना एवढा खुपला असं मला वाटतं. त्याने तह चालू असताना तांडा लुटला, माणसं कैद केली, सोडायला साफ नकार दिला. सलाहुद्दीनने त्याला स्वतःच्या हाताने मारायची शपथ घेतली, आणि जुलै ११८७ मध्ये हत्तीनच्या लढाईत फ्रंजांचा धुव्वा उडाल्यावर त्यांच्या राजाला, गीला, थंड पाणी दिलं, जीवदान दिलं, रेनाल्डवर मात्र स्वतः तलवार चालवली. त्याच ऑक्टोबरात जेरुसलेम घेतलं, तेव्हा १०९९ मध्ये फ्रंजांनी ते घेताना केली तशी कत्तल झाली नाही, पुरुषाला १० दिनार, बाईला ५ भरून बाहेर पडता येत होतं. पण ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यातले हजारो गुलाम झाले, तेही सांगायलाच हवं.

करक पडला ११८८ मध्ये, उपासमारीने. पेट्राला जाताना इथे निदान अर्धा दिवस काढाच, आणि वरून बघून परत फिरू नका, खालचा चौक मामलुकांच्या (इजिप्तच्या नंतरच्या मुसलमान सुलतानांच्या) काळातला आहे, म्युझियमही तिथेच आहे.