देऊळ कुठलं?

लहानपणी कॅम्पात जाताना आत्या रिक्षावाल्याला सांगायची, "लाल देवळापाशी थांबवा." उतरल्यावर मी गणपती शोधायचो. पुढे थोडी अक्कल आल्यावर, विटांचा तो उंच मनोरा म्हणजे चर्च असणार, असं ठरवून टाकलं. तेही चुकलंच. ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ, डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं आणि १८६७ साली पुरं झालेलं. पण पुण्याला मनोरा दिसला, रंग दिसला, नाव पडलं.

परवा रविवारी क्वार्टर गेटपासून पायीच निघालो. सिटी चर्चमधली मिस्सा नुकतीच सुटली होती. नव्या फ्रॉकमधल्या पोरी आणि त्यांना सावलीत ओढणाऱ्या आज्या. या चर्चला १७९२ मध्ये जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी. फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांना मिस्सेसाठी ठिकाण हवं होतं. पेशवाईतल्या सोवळ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला जरा वेळ लागतो. तोफा चालवणाऱ्याचं सोवळं कोण बघणार म्हणा!

नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं बंद होती, ऑइलचा वास मात्र सुट्टीवर नव्हता. तिथून गंज पेठ ओलांडून गुरुवार पेठेत आलो. हिचं जुनं नाव वेताळ पेठ. वेताळाच्या पेठेत येशूचं घर, आणि त्याचं नाव 'पवित्र नाम देवालय'. लोक मात्र म्हणतात पंचहौद, इथल्या पाच हौदांवरून. म्हणजे देवाआधी पाण्याचा मान.

मला इथे आलं की चहा आठवतो. ऑक्टोबर १८९० मध्ये इथल्या मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली होती. टिळक, रानडे, गोखले, सगळे. नंतर चहा आला. कुणी प्यायला, कुणी कप नुसता हातात धरला. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे मिशनऱ्यांचा चहा घेतल्याबद्दल जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाला एवढा मान पुन्हा कधी मिळाला नसेल. गोपाळरावांचा मला रागही येतो आणि हसूही येतं. असला खोडसाळ माणूस प्रत्येक पेठेत एक तरी असतोच.

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात थांबलो. पितळी पातेल्यात आलं उकळत होतं.

"देऊळ उघडं असेल का हो आत्ता?" मी विचारलं.

"कुठलं? इथे दहा पावलांवर एक आहे."

"मनोऱ्याचं."

"असेल की, रविवार आहे," त्यांनी गाळणं आपटलं. "पण चहा घेऊन जा."

घेतला.