दोन इकडं, दोन तिकडं

मिसळीत बटाट्याची भाजी असावी की नसावी, या प्रश्नावरून आमच्या गल्लीत दोन सख्ख्या भावांनी आठवडाभर अबोला धरला होता. त्यांतला थोरला एका गटाचा, धाकटा दुसऱ्या. निवडणुकीत दोघं समोरासमोरच्या मांडवात बसतात. निकालाच्या दिवशी मात्र एकाच मोटरसायकलवरून घरी येतात आणि दोघांच्याही अंगावर गुलाल असतो. तो नेमका कुणाचा, हे आम्ही विचारत नाही.

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मला हे उलटं वाटायचं. मोठ्या गोष्टीवर माणसानं ठाम असावं, बारक्या सोडून द्याव्यात, असं शाळेत शिकवलं होतं. इथं बारक्या गोष्टीवर तडजोड नाही आणि मोठ्यांचं बघून घेऊ. आता वाटतं, यात शहाणपण आहे. निदान सोय तरी नक्कीच आहे.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातात. म्हशी तिथंच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. दूध प्यायला फार तर पाच मिनिटं लागतात. मामा दोन तासांनी येतात. मधल्या वेळात देश, राज्य, महापालिका, गोकुळ दूध संघ आणि शेजाऱ्याची सून असे सगळे विषय होऊन जातात. पावसाळ्यात तेवढी ही चर्चा बंद. तेव्हा एकच प्रश्न, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलेलं ज्यांनी पाहिलं, ते त्या दिवसांत मत देत नाहीत, नुसता आकडा सांगतात.

राजकारणाचं म्हणाल तर इथं पक्ष हे वरचं कव्हर, आत गट. 2019 च्या लोकसभेला वर आघाडी होती, खाली गावागावात ‘आमचं ठरलंय’ असे फलक लागले होते. आघाडीतल्या एकानं आघाडीतल्याच दुसऱ्याला पाडायचं, हे ते ठरलेलं होतं, आणि तसंच झालं. बाहेरचे पत्रकार चक्रावले. कट्ट्यावर कुणालाही नवल वाटलं नाही. विधानसभेत एकमेकांवर तुटून पडणारे नेते दूध संघाच्या पॅनेलमध्ये मांडीला मांडी लावून बसतात, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. 2024 च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये तर एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढला आणि पक्षाला कुकर चिन्हाच्या अपक्षामागं उभं राहावं लागलं. पंधरा दिवस शिट्ट्यांचे विनोद चालले. रागावलेलं मात्र मला कुणी दिसलं नाही. रागवायचं कुणावर? मेव्हणा त्या गटात, आतेभाऊ या गटात, आणि मुलाचा अर्ज तिसऱ्याच साहेबांच्या संस्थेत पडलेला.

आता हेच मामा फुटबॉलला बघा. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण आणि पाटाकडील या तालीम-मंडळांच्या संघांची मॅच असली की त्या दिवशी घरात त्यांच्याशी बोलायची सोय नाही. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते. एखादा पोरगा या तालमीतून त्या तालमीत गेला, तर त्याचं नाव काढताना मामांचा आवाज उतरतो. मी एकदा म्हटलं, ‘मामा, तुमच्या साहेबांनी तीन पक्ष बदलले, तेव्हा तर तुम्ही पेढे वाटलासा.’

‘आगं, पक्ष आज हाय, उद्या न्हाई,’ मामा म्हणाले. ‘तालीम बदलायची म्हंजे काय खायचं काम हाय व्हय?’

मला हे पटतं. पक्षाच्या कार्यालयात मामा आयुष्यात दोनदा गेले असतील, तालमीत रोज जातात. ज्याच्याशी रोज गाठ पडते त्याच्याबद्दल माणूस कडक असतो.

करमणुकीचंही तेच. कोल्हापूरच्या मातीतल्या म्हणून ज्या मालिका येतात, त्यांवर आमच्या घरात कोर्ट बसतं. कथा कशीही असू दे, त्यावर कुणी काही बोलत नाही. सासू गायब झाली, जुळी बहीण आली, सगळं चालतं. पण नायिका ‘मी जाते’ म्हणाली की सासूबाई रिमोट खाली ठेवतात. इथल्या बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. मी स्वतः आता घरातून ‘येतो हं’ म्हणून बाहेर पडते, माहेरी हसतात. मालिकेतले लोक वाक्यागणिक ‘नाद खुळा’ म्हणतात आणि तांबड्या रश्शाचा रंग बघूनच कळतं की त्यात नुसता रंगच आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून सिनेमा काढला, त्या गावाला एवढी चिकित्सा माफ असावी.

ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या बाजूला गर्दी लोटली होती आणि एरवी नाटकाला न जाणारी माणसंही डोळे पुसत होती. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, ती होती तशीच उभी करा, यावर सगळे गट एका आवाजात बोलले. आमच्या गल्लीतल्या त्या दोन भावांसकट.

म्हणजे गाव एक होत नाही असं नाही. फक्त मोठा प्रश्न रोजच्या वाटेवर येऊन आडवा पडावा लागतो. टोलचं तसंच झालं. रस्त्याचा करार, त्यातली कलमं, हे किती जणांनी वाचलं असेल? पण स्वतःच्याच गावात जाताना पैसे मोजायचे म्हटल्यावर ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील पुढं आणि त्यांच्यामागं सगळ्या रंगांचे झेंडे. 2015 संपता संपता टोल गेला. मग 2025 मध्ये नांदणीच्या जैन मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला अंबानींच्या ‘वनतारा’ केंद्रात नेली, तेव्हा माणसं पदयात्रेत चालली आणि रागानं मोबाईलची जिओची सिमकार्डं बदलली. कंपनी बदलायची म्हणजे केवढा व्याप! बँक, गॅस, सगळीकडं नंबर. ज्या माणसानं दर निवडणुकीला गट बदलला, त्यानं हत्तिणीसाठी सिम बदललं. प्राणीप्रेमी म्हणाले हत्तिणीच्या तब्येतीचं बघा, आणि त्यांचंही अगदीच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. कट्ट्यावर हे बोलायची माझी छाती झाली नाही.

2026 च्या जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली. मधली पाच वर्षं प्रशासक होता, त्यामुळं सगळ्यांना उमाळा आलेला. चार-चार नगरसेवकांचा प्रभाग, म्हणजे एका माणसाला चार मतं. ही पद्धत कोल्हापूरकरांसाठीच काढली असावी. कुणाला दुखवायचं नाही. मामांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, दोन इकडं, दोन तिकडं.

प्रचाराच्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे मिसळ खायला गेलो होतो. एक उमेदवार हात जोडत टेबलापाशी आला. तरुण, शिकलेला, बोलायला नम्र. पाणी, कचरा, पार्किंग, सगळं मुद्देसूद सांगितलं. मला आवडला. आमच्या पोरानं ब्रेडचा स्लाइस कटात बुडवता बुडवता सहज विचारलं, ‘काका, मिसळ कुठली भारी? फडतरे का बावडा?’

उमेदवार हसला. ‘दोन्हीकडची चांगली असते की.’

तो पुढच्या टेबलाकडं गेल्यावर मामांनी चमचा खाली ठेवला. ‘ह्याला न्हाई.’

‘अहो, चांगला वाटतोय की,’ मी म्हटलं.

‘मिसळीचं धड सांगंना, ह्यो सभागृहात काय बोलणार?’

‘मग ते मत कुणाला?’

‘बघू की,’ मामा म्हणाले, आणि पोऱ्याला हाक मारून त्यांनी आणखी कट मागवला. ‘अजून चार दिस हाईत.’