पुणे की सांगली?

आज भाचीला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज दाखवायला सांगलीला नेलं. तिला पुणंच हवंय. तिथलं १८५४ सालचं इंजिनिअरिंग कॉलेज सीओईपी, त्याचा बोट क्लब, शिवाय "मामा, तिथं सगळं असतं गं!" ('गं' मला. असो.) असतंच की. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघी आणि दाराबाहेर चपलांचा ढीगही असतो.

कॉलेज बघून विश्रामबागेतून निघालो, कांदा-लिंबू मारलेलं भडंग घेतलं आणि आयर्विन पुलाजवळ थांबलो. कृष्णा गढूळ, फुगलेली. पोरगी मोबाईल न काढता बघत राहिली. म्हटलं, पटली वाटतं सांगली.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "मस्तंय. पण सुट्टीला यायला. २०१९ चा पूर विसरलास काय?"

पुडीतलं उरलेलं भडंग मात्र तिनंच संपवलं.